दुपारी दोनचा निळा पडदा

प्रश्न : आम्ही भंडाऱ्यात खात रोडला राहतो. घरी टेबलावरचा कॉम्प्युटर आहे, काही वर्षांपूर्वी नागपूरहून जोडून आणलेला. मुलगी त्यावर स्पर्धा परीक्षेचे तास पाहते. यांचे शेतीचे ऑनलाइन अर्ज, बँकेची कामं, सगळं त्यावरच. एप्रिलअखेरपासून त्याने नवं नाटक सुरू केलं आहे. दुपारी चालता चालता एकदम निळा पडदा येतो, रडका चेहरा, इंग्रजीत दोन ओळी. मग टक्के मोजत बसतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. सकाळी आणि रात्री मात्र शहाण्यासारखा चालतो. दुकानदाराने फॉरमॅट मारून दिलं. आठवडाभर बरं होतं, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो, मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. खरंच गेला असेल का? आणि मशीनला दुपार झालेली कळते कशी?
— एक वाचक, भंडारा

उत्तर : हा दुसरा प्रश्न दुकानदाराला सुचला असता तर तुमचे फॉरमॅटचे पैसे वाचले असते. मशीनला घड्याळातली दुपार कळत नाही, पण भंडाऱ्यात दुपारी जे जे होतं ते सगळं त्याच्यापर्यंत पोचतं. खोली तापते, गल्लीभर कूलर सुरू होतात, डीपीवर लोड येतो, व्होल्टेज उतरतं. सॉफ्टवेअरचा बिघाड सहसा सकाळ-दुपार पाळत नाही. वेळ पाळणारा बिघाड बहुतेकदा उष्णतेचा नाहीतर विजेचा असतो. त्यामुळे मदरबोर्डवर फुली मारण्याआधी तपासण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं बरंचसं घरच्या घरी होतं.

आधी त्या पडद्याबद्दल, कारण त्याविषयी गैरसमज फार. निळा पडदा हा मुळात बिघाड नाही. घरातला एमसीबी पडतो ना, तसा तो आहे. वायरिंगमध्ये काही गडबड झाली म्हणून एमसीबी पडतो, तो पडला म्हणून गडबड होत नाही.

कॉम्प्युटरमधले प्रोग्रॅम दोन थरांत चालतात. वर्ड, ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर हे वरच्या थरातले. त्यांतलं एखादं कोसळलं तर तेवढंच बंद होतं, बाकीचं चालू राहतं. खालच्या थरात विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्याच्या जोडीला ड्रायव्हर असतात. ग्राफिक्स कार्ड, वायफाय, डिस्क अशा एकेका यंत्राशी बोलणारे हे छोटे प्रोग्रॅम. या थरात प्रत्येकाला सगळ्या मेमरीत हात घालायची मुभा असते. म्हणून इथे कुणी चुकीच्या जागी लिहिलं, किंवा मेमरीत ठेवलेला आकडा परत वाचताना वेगळाच निघाला, तर पुढे कशावर विश्वास ठेवायचा हे विंडोजला ठरवता येत नाही. तसंच रेटत राहिलं तर तो कचरा डिस्कवर लिहिला जाईल आणि मुलीच्या नोट्सपासून बँकेच्या पासबुकाच्या फाइलीपर्यंत काहीही खराब होईल. म्हणून विंडोज स्वतःहून सगळं थांबवतं आणि थांबण्याचं कारण पडद्यावर लिहितं. तुम्ही ज्याला नाटक म्हणता ते तुमच्या फाइली वाचवण्यासाठीच चाललेलं असतं.

19 जुलै 2024 चा शुक्रवार आठवत असेल. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलीने, मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणे, जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज कॉम्प्युटर आडवे केले. आपल्याकडे विमानतळांवर रांगा लागल्या, हैदराबादला प्रवाशांच्या हाती चक्क पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. कारण काय, तर प्रोग्रॅम माहितीचा 21 वा रकाना वाचायला गेला आणि त्याला पुरवलेले रकाने होते 20. नसलेल्या जागी तो वाचायला गेला, आणि गाभ्याच्या थरात बसलेला असल्याने विंडोजने अख्खं मशीन थांबवलं. तो एवढा गोंधळ झाला, पण त्यासाठी कुणाचा मदरबोर्ड बदलावा लागला नाही. सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसली की मशीन उठत होतं. घरगुती कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर नसतं, म्हणून आपण त्या दिवशी फक्त बातम्या पाहिल्या.

आता तुमच्या मशीनकडे येऊ. पडद्यावर टक्के सरकत असतात तेव्हा विंडोज मेमरीतला मजकूर एका फाइलीत उतरवून ठेवत असतं, पुढे कुणाला तपास करता यावा म्हणून. ते शंभरापर्यंत जाऊ द्या, मध्येच बटण दाबू नका. तेवढ्या वेळात मोबाइलने पडद्याचा फोटो काढा. रडक्या चेहऱ्याकडे दुर्लक्ष करा, खाली बारीक अक्षरात ‘स्टॉप कोड’ म्हणून जी ओळ असते ती महत्त्वाची. कधी तिच्याखाली ‘व्हॉट फेल्ड’ असं लिहून एखाद्या फाइलीचं नावही असतं. पडदा फोटोआधीच निघून जात असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘सिस्टिम’च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ आहे. तिथली ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढून टाका, म्हणजे तो थांबून राहील.

फोटोइतकीच उपयोगाची एक वही. पडदा आला की तारीख, वेळ आणि त्या क्षणी घरात काय चालू होतं एवढं लिहायचं. कूलर चालू होता का, बोअरची मोटर नुकतीच लावली होती का, लाईन जाऊन आली होती का, वॉशिंग मशीन फिरत होतं का. मुलगी नुसती पीडीएफ वाचत होती की व्हिडिओ पाहत होती. आठ-दहा नोंदी झाल्या की बरेचदा कोडही लागत नाही. विंडोजमध्येही अशीच एक वही आपोआप लिहिली जात असते. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ एवढा शब्द टाइप केला की ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ येतं. त्यात दिवसागणिक रकाने असतात आणि जिथे काही कोसळलं तिथे तांबडी फुली. या दोन वह्या शेजारी ठेवून पाहा.

एक फरक इथेच सांगायला हवा, कारण दुकानात दोन्ही तक्रारी एकाच पोत्यात टाकतात. मशीन निळा पडदा दाखवून थांबणं वेगळं आणि काहीही न दाखवता फट्कन काळं होऊन बंद पडणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात विंडोजला काही म्हणायला वेळच मिळालेला नसतो, वीजच तुटलेली असते. विंडोजच्या नोंदीत तेव्हा ‘कर्नल पॉवर 41’ एवढंच सापडतं, म्हणजे ‘नीट बंद न होता मशीन पुन्हा सुरू झालं’. ते वाचून कर्नल बिघडला असं सांगणारे महाभाग आहेत. प्रोसेसर फार तापला तरी असंच होतं. आधी तो स्वतःची गती कमी करतो, तरी भागलं नाही तर सरळ बंद होतो. तुमच्याकडे पडदा येतो, टक्के मोजतो, म्हणजे वीज पूर्ण तुटत नाही. काहीतरी डळमळतं आहे.

दुपारी काय काय डळमळू शकतं? पहिला संशय रॅमवर. रॅममधली प्रत्येक माहिती हा एका अतिसूक्ष्म खणातला विजेचा साठा असतो, आणि तो सतत गळत असतो. म्हणून रॅम साधारण दर 64 मिलिसेकंदांत एकदा सगळे खण पुन्हा भरून घेते. उष्णता वाढली की गळती वाढते. चांगल्या रॅमला त्याने काही फरक पडत नाही, ती यापेक्षा कितीतरी जास्त तापमानासाठी बनवलेली असते. पण एखादी पट्टी मुळातच काठावर पास झालेली असेल, तर सकाळच्या गारव्यात ती निभावून नेते आणि दुपारी एखादा खण भरायच्या आत रिकामा होतो. मे महिन्यात बाहेर 45 अंश, बंद खोलीत चाळिशीच्या घरात, आणि कॅबिनेटच्या आत त्याहून आणखी दहा-पंधरा. म्हणून रॅमची चाचणी घ्यायची तर दुपारीच घ्या. दुकानात मशीन नेलं की ते संध्याकाळी सहानंतर, थंड झाल्यावर, पंख्याखाली तपासलं जातं आणि ‘सगळं ओके आहे’ म्हणून परत येतं.

चाचणी सोपी आहे. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधा, ते मशीन पुन्हा सुरू करून स्वतःच तपासतं. ते जरा मवाळ आहे. पेनड्राइव्हवरून चालणारं मेमटेस्ट जास्त कडक, ते दुपारभर चालू द्या. एक जरी चूक दाखवली तरी पट्टी संशयित. दोन पट्ट्या असतील तर एक काढून दोन दिवस चालवा, मग दुसरी. मशीन जोडून देणाऱ्याने बरेचदा बायोसमध्ये रॅमची गती वाढवणारं एक्सएमपी चालू करून ठेवलेलं असतं. चाचणीपुरतं ते बंद करून पाहा, कधी कधी एवढ्यानेच काम होतं.

आणि पट्टी बाद करण्याआधी तिची कड पाहा. मशीन बंद करून वायर बोर्डातून काढायची, पॉवरचं बटण एकदा दाबून आतला उरलेला साठा उतरवायचा, कॅबिनेटच्या लोखंडी अंगाला हात लावून मग पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून सरळ वर उचलायची. खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ असते. वर्षानुवर्षं कूलरच्या दमट हवेत राहिलेल्या पट्टीवर हे दात चकचकीत दिसत नाहीत, त्यांवर पुसट तपकिरी झाक आलेली असते, एखाद्या दातावर काळसर ठिपका. साधं पांढरं खोडरबर घेऊन एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवलं की रबरावर काळी रेघ उतरते आणि दात उजळतात. रबराचे कण झटकायचे, स्लॉटमध्ये ब्रश फिरवायचा, पट्टी दोन्ही बाजूंनी ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवायची. हार्डवेअरवाले हसून करतात तो हा उपाय. त्यामागे कारण आहे: दातांवर थर चढला की संपर्क अर्धवट होतो, आणि उष्णतेने पट्टी व स्लॉट केसभर पसरले की तो अर्धवट संपर्कही सुटतो.

कूलरचा उल्लेख केला तर त्याच्याबद्दल बोलूनच घेतो. विदर्भात उन्हाळ्यात कॉम्प्युटर कुठे ठेवायचा हे कूलरची खिडकी ठरवते, कारण माणसाला जिथे बसवतं तिथेच मशीन. पण कूलरची थेट झोत-हवा मशीनवर नको. ती गार असते हे खरं, मात्र ओलसर असते, आणि बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या तुषारांतून क्षारही येतात. हीच ओल कॅबिनेटमधल्या धुळीत मुरली की धूळ मऊ राहत नाही, चिकट थर होतो. प्रोसेसरवरचा पंखा काढून खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या पाहा. वरून पंखा स्वच्छ दिसतो, पण पंखा आणि पात्या यांच्या मध्ये करड्या नमद्यासारखी चकती बसलेली असते, बोटाने उचलली तर अख्खी निघते. वारा पात्यांपर्यंत पोचतच नसतो. धानाच्या मळणीच्या दिवसांत ज्यांच्या अंगणात तणसाचे ढीग असतात त्यांच्याकडे ही चकती आणखी लवकर तयार होते. साफ करायचं तर मशीन ओसरीत नेऊन, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून ब्लोअर मारा. पंखा वाऱ्याने गरगर फिरवू नका, बेअरिंग जातं. पंखा खालच्या पात्यांसकट उचलला असेल तर जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावायला हवी.

दुसरा संशय विजेवर, आणि तुमच्या बाबतीत मला तो रॅमइतकाच वाटतो. घरात 230 व्होल्ट यायला हवेत. मेमध्ये दुपारी गल्लीतले सगळे कूलर, फ्रिज, एसी एकाच डीपीवर ओढ घेतात. त्यात तुम्ही बोअरची मोटर लावली की सुरू होण्याच्या क्षणी ती नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. पंखा मंदावतो, ट्यूब लपकते, ते तुम्ही पाहिलंच असेल. कॉम्प्युटरमधला वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, चांगला असेल तर हा झटका पोटात घेतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला स्वस्तातला असेल तर त्याच्याकडून मदरबोर्डला जाणारी 12 व्होल्टची लाईन खाली जाते, मशीन बंद पडत नाही पण आकडेमोड चुकते. एसएमपीएसमधले कपॅसिटर तापमान दहा अंशांनी वाढलं की निम्मंच आयुष्य भरतात असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. आपल्याकडे पुण्याच्या मानाने ते लवकर थकणार हे उघड आहे. वायरमनकडून मीटर मागवून दुपारी दोन वाजता आणि मोटर लावताना व्होल्टेज बघून घ्या. ओळखीच्या कुणाचा बरा एसएमपीएस दोन दिवस उसना मिळाला तर तो लावून पाहणं हीच सगळ्यात खात्रीची परीक्षा.

यूपीएस आहे म्हणून निश्चिंत राहू नका. त्याच्या बॅटरीलाही तोच उष्णतेचा हिशेब लागू आहे, आणि मेलेल्या बॅटरीचा यूपीएस म्हणजे नुसतं जाडजूड एक्स्टेंशन. सगळ्या फाइली बंद करून भिंतीवरचं बटण बंद करा. मशीन चालू राहिलं तर बॅटरी जिवंत. कॉम्प्युटर घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्याच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असा खटका असतो का बघा. इकोवर तो फार उतरलेलं व्होल्टेजही तसंच पुढे सोडतो आणि लाईन गेल्यावर बॅटरीवर यायला जास्त वेळ घेतो. पंख्या-दिव्यांना चालतं, कॉम्प्युटरला नाही. खटका यूपीएसवर हवा.

कॅबिनेटला उघड्या पायाने हात लावला की चुणचुण होते का? होत असेल तर अर्थिंग नाही. एसएमपीएसमधल्या फिल्टरची थोडी वीज अर्थच्या वायरने जमिनीत जायला हवी, वाट न मिळाल्याने ती पत्र्यावर राहते. भंडाऱ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळून ठणठणीत होतो, मग वायर जोडलेली असूनही उपयोग शून्य. खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतणं हे आजोबांच्या काळचं काम आजही करायचं असतं. आणि पावसाळा तोंडावर आहे, तर विजा चमकू लागल्या की नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा आणि राउटरची वायरही मशीनमधून उपसा. त्या वायरीने येणारा झटका खरोखरच मदरबोर्ड नेतो.

आता फोटोतल्या कोडबद्दल. सगळे पाठ करायची गरज नाही. ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ आला, आणि दर वेळी वेगवेगळे कोड आलटून पालटून आले, तर रॅम नाहीतर वीज. ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ म्हणजे प्रोसेसरनेच हार्डवेअरची चूक कळवली आहे: उष्णता, एसएमपीएस, कधी खरंच बोर्ड. ‘व्हिडिओ टीडीआर’ ग्राफिक्सकडे बोट दाखवतो. दर वेळी तोच कोड आणि तेच फाइलचं नाव येत असेल तर तो एखादा ड्रायव्हर. अलीकडे काय नवीन टाकलं ते आठवा. जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरचे डोंगल, अंगठ्याची मशीन, डिजिटल सहीचं टोकन, दुसरा अँटिव्हायरस, सीडीत भरून दिलेला ‘सगळे ड्रायव्हर एकात’ असा गठ्ठा. ते काढून पाहा.

‘कर्नल डेटा इनपेज एरर’ दिसला तर मात्र बाकीचं सगळं बाजूला ठेवा. विंडोजला डिस्कवरून आपलीच माहिती परत वाचता आलेली नाही, असा त्याचा अर्थ. तपास नंतर, आधी मुलीच्या नोट्स आणि घरचे कागद दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. मरणाऱ्या डिस्कवर विंडोजचं डिस्क तपासणारं ‘चेकडिस्क’ चालवणं म्हणजे उरलेसुरले श्वास वापरून टाकणं.

फॉरमॅटबद्दल माझं मत कडक आहे. आपल्याकडे दुकानात कोणत्याही दुखण्यावर पहिली गोळी हीच, कारण ती दुकानदाराला सोपी पडते. आठवडाभर बरं का वाटलं? नव्या विंडोजवर सुरुवातीला काहीच भरलेलं नसतं, रॅमचा तो काठावरचा कोपरा वापरातच येत नाही, आणि मशीन दुकानातून येताना एकदा आतून हललेलं, पुसलेलं असतं. हार्डवेअर होतं तसंच आहे, म्हणून पुन्हा तेच. त्यात नुकसान दोन प्रकारचं. वर क्रॅक केलेली विंडोज टाकून दिली असेल तर तिच्या जोडीने काय काय आत आलं ते देवाला माहीत. आणि अलीकडच्या विंडोज 11 मध्ये सुरुवातीला ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन होतं त्याच्याच खात्यात डिस्कच्या कुलपाची किल्ली जमा होते. दुकानदाराने घाईत स्वतःचं खातं टाकलं असेल, तर उद्या निळ्या पडद्यानंतर मशीनने 48 अंकी रिकव्हरी की मागितल्यावर ती तुमच्याकडे नसणार. आजच सेटिंग्जमध्ये जाऊन कुणाचं खातं आहे ते बघा.

मदरबोर्ड? जाऊ शकतो. प्रोसेसरभोवतीच्या कपॅसिटरची डोकी फुगलेली दिसली, किंवा रॅम, एसएमपीएस, डिस्क तिन्ही बदलूनही पडदा येतच राहिला, तर त्याच्यावर यायचं. पण जो मदरबोर्ड रोज सकाळी सहा ते बारा बिनतक्रार चालतो त्याला मी तरी शेवटचा आरोपी ठेवेन. क्रम असा ठेवा: वही, धूळ, खोडरबर, दुपारची मेमटेस्ट, मग एसएमपीएस. पैसे लागलेच तर ते या शेवटच्या दोन जागी.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर परवा असाच पडदा आला, पण काळा होता, चेहराही नव्हता. हा वेगळा आजार आहे का? आणि मुळात तो निळा का असायचा?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, तुमसर

उत्तर : आजार तोच, रंग बदलला. 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज 11 मधला हा पडदा काळा केला, 2012 च्या विंडोज 8 पासून असलेला रडका चेहरा आणि त्यानंतर आलेला क्यूआर कोड काढून टाकले. कोड आणि दोषी ड्रायव्हरचं नाव मात्र ठेवलं. दुरुस्तीच्या दृष्टीने हा बदल चांगला आहे, कामाचं तेवढंच उरलं.

निळ्याचा किस्सा साधाच आहे. आजच्या विंडोजचं घराणं 1993 च्या विंडोज एनटीपासून सुरू होतं. त्यातला हा पडदा जॉन व्हर्ट या अभियंत्याने लिहिला. तो ज्या मशीनवर काम करायचा तिचा सुरुवातीचा पडदा निळ्यावर पांढरा होता, आणि तो वापरायचा तो कोड लिहायचा एडिटरही तसाच. म्हणून हाही तसाच. कुठलं मानसशास्त्र नाही की धोक्याचा इशारा नाही. पडद्यावरचा मजकूर स्टीव्ह बाल्मर यांनी लिहिला असं सांगितलं जातं, ते विंडोज 3.1 मधल्या कंट्रोल-ऑल्ट-डिलीटच्या पडद्याबद्दल खरं आहे, या पडद्याबद्दल नाही. निळ्या पडद्याची सगळ्यात गाजलेली हजेरी मात्र एनटीच्या नव्हे, दुसऱ्या घराण्यातली, 20 एप्रिल 1998 ची. शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या शेजारी उभं राहून त्यांचे सहकारी ख्रिस कॅपोसेला यांनी येऊ घातलेल्या विंडोज 98 ला एक स्कॅनर जोडला, आणि हजारो लोकांसमोर मागचा भलामोठा पडदा निळा झाला. गेट्स हसले आणि म्हणाले, म्हणूनच तर आम्ही हे अजून विकायला काढलेलं नाही. तुमच्या लॅपटॉपवर एकदाच आला असेल तर फोटो जपून ठेवा आणि विसरा. दुसऱ्यांदा आला तर वरचं उत्तर वाचा.

प्रश्न : वडिलांना निळा पडदा आला, त्यावर ‘मायक्रोसॉफ्ट सपोर्ट’चा नंबर होता आणि मशीनमधून बाईचा आवाज येत होता, मशीन बंद करू नका म्हणून. फोन लावावा का?
— एक वाचक, साकोली

उत्तर : अजिबात नाही. खऱ्या पडद्यावर फोन नंबर नसतो, आवाज नसतो आणि माउस हलत नाही. हे ब्राउझरमध्ये उघडलेलं पान आहे, पडदाभर पसरवलेलं. एस्केप थोडा वेळ दाबून धरा, नाहीतर ऑल्ट-एफ4. तेही ऐकलं नाही तर सरळ पॉवरचं बटण दाबून बंद करा, काही बिघडत नाही. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर ‘आधीची पानं उघडू का’ विचारेल, नाही म्हणा. अशा नंबरांमागे बसलेल्या कॉल सेंटरांवर सीबीआयने ऑक्टोबर 2023 मध्ये ऑपरेशन चक्र-2 खाली छापे घातले होते, धंदा तरी बंद झालेला नाही. अलीकडे याचाच दुसरा अवतार निघाला आहे: खोटा निळा पडदा म्हणतो, दुरुस्तीसाठी विंडोज-आर दाबा, कंट्रोल-व्ही करा, एंटर मारा. तसं केलं की त्यांचा प्रोग्रॅम आपण आपल्याच हाताने आत घेतो.

वडिलांनी फोन लावून झाला असेल आणि समोरच्याने दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं एनीडेस्कसारखं काही टाकायला लावलं असेल, तर आधी मशीनचं इंटरनेट तोडा. पैसे गेले असतील तर बँकेला आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला लगेच कळवा, पहिल्या काही तासांतच रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या मोबाइलवरून, त्या कॉम्प्युटरवरून नव्हे. ते एनीडेस्क काढून टाकायला विसरू नका.